नोबिव्हॅक पपी डीपी : काम चोख, पण पहिल्याच पायरीचं

कुत्र्याच्या पिल्लाच्या पहिल्या लसीसाठी अनेक क्लिनिकांच्या फ्रिजमधून हीच कुपी निघते. डिस्टेंपर आणि पार्वो, एवढ्या दोनच विषाणूजन्य रोगांवरची ही लस. साधारण ६ आठवड्यांच्या पिल्लासाठी. आईच्या चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे या वयात लस वाया जाण्याचा धोका असतो. डीपी त्यातूनही बऱ्यापैकी वाट काढते, पण प्रत्येक पिल्लात काढेलच असं नाही.

‘लस दिली तरी पार्वो झाला’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. कार्डावर एक डोस पडला की पिल्लू सोसायटीच्या आवारात मोकळं! खरं तर ९व्या आणि १२व्या आठवड्यात डीएचपीपीआय (डिस्टेंपर, हेपॅटायटिस, पार्वो आणि पॅराइन्फ्लुएंझा यांवरची एकत्रित लस) द्यावीच लागते आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच. तो चुकला तर आधीचे सगळे फुकट जाऊ शकतात. लेप्टोचे (उंदरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवरच्या लसीचे) दोन डोस ९व्या-१२व्या आठवड्याबरोबर उरकतात. मुंबई-कोकणच्या पावसात ते टाळू नयेत. रेबीज १२ आठवड्यांनंतर. पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर डीएचपीपीआयचा एक बूस्टर दिला तर आधीचे डोस ज्याला लागू पडले नाहीत असं पिल्लूही सुटत नाही.

दुसरी गोची साठवणीची. लस २ ते ८ अंशांतच हवी. मेडिकलमधून स्वतः आणायची तर बर्फाची पिशवी लागतेच, पण कुपी बर्फाला चिकटवून ठेवू नये. तळाशी पांढरट वडी असते. सोबतचं १ मिली द्रावण घालून ती हलकेच विरघळवायची आणि अर्ध्या तासात टोचायची. आधीच कालवून ठेवलेली सिरिंज कोणी पुढे केली तर सरळ नाही म्हणा. पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन, डोस पूर्ण १ मिलीच. ‘छोटं आहे, अर्धा पुरे’ म्हणणाऱ्या ब्रीडरचं ऐकू नका. कुपीवरचा स्टिकर, बॅच नंबर आणि मुदतीसकट, कार्डावर चिकटवून घ्यावा. नुसत्या सही-तारखेवरून काय टोचलं ते कळत नाही.

जुलाब किंवा ताप असलेल्या पिल्लाला लस पुढे ढकलतात. टोचल्यावर अर्धा तास क्लिनिकमध्येच थांबावं. तोंड सुजलं, उलट्या झाल्या तर डॉक्टर समोर हवेत. दिवसभराची सुस्ती चालते.

पाचपैकी चार गुण. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं होऊन घरी आलं असेल, तर मात्र हिच्यावर पैसे घालू नका. थेट डीएचपीपीआयपासून सुरुवात करा.