एनआरईव्हीएसएस: लाट कधी आली ते सांगतो, किती मोठी ते विचारू नका

न्यू जर्सीत किंवा बे एरियात तान्हं बाळ असलेल्या घरात ऑक्टोबर लागला की आरएसव्हीची, म्हणजे तान्ह्यांच्या श्वसनमार्गाला छळणाऱ्या विषाणूची, चौकशी सुरू होते. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा भरवशाचं आणि फुकट उत्तर हवं असेल, तर अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेची, 'नॅशनल रेस्पिरेटरी अँड एंटरिक व्हायरस सर्व्हेलन्स सिस्टीम', म्हणजे एनआरईव्हीएसएस, उघडावी. पान रूक्ष आहे, नाव जीभ अडखळवणारं आहे, पण काम चोख आहे. पाचपैकी चार गुण. उरलेला एक का कापला, ते पुढे येईलच.

रचना अगदी साधी. रुग्णालयांच्या, खासगी आणि सरकारी प्रयोगशाळा आपणहून दर आठवड्याला दोन आकडे कळवतात: अमुक विषाणूसाठी किती चाचण्या केल्या आणि त्यांतल्या किती पॉझिटिव्ह आल्या. आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा, अ‍ॅडिनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस, सर्दीचे जुने कोरोनाव्हायरस, कोविड, शिवाय पोटाचे रोटा आणि नोरो. वय नाही, लिंग नाही, रुग्ण दाखल झाला की घरी गेला तेही नाही. म्हणजे हाती फक्त अंश आणि छेद. तेवढ्यावर लाटेची सुरुवात आणि शिखर नेमकं पकडता येतं. गावात किती जण आजारी आहेत, हे मात्र त्यातून काढायला जाऊ नये.

सुरुवात कशी ओळखायची? आरएसव्हीसाठी पीसीआर पॉझिटिव्हिटी (शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह) सलग दोन आठवडे 3 टक्के किंवा अधिक राहिली, की त्यांतला पहिला आठवडा हंगामाचा आरंभ धरतात. समजा आकडे 1.9, 3.4, 2.6, 3.5, 4.8 असे आले. 3.4 पाहून घाई करायची नाही. हंगाम चौथ्या आठवड्यात, 3.5 ला सुरू झाला. अँटीजेन चाचण्यांच्या काळात हाच उंबरठा 10 टक्के होता. जुन्या फाइलींत पीसीआर आणि अँटीजेनच्या ओळी एकाखाली एक असतात. चाचणीच्या प्रकारानुसार ओळी वेगळ्या न करता बेरीज केली, तर 2014 च्या सुमारास, पीसीआरचा जोर वाढला तिथे, आलेखात जी उडी किंवा घसरण दिसते ती विषाणूची नसून किटची असते.

सगळ्यात जास्त फसवतो तो छेद. एका आठवड्यात 800 चाचण्या, 40 पॉझिटिव्ह: 5 टक्के. पुढच्या आठवड्यात फ्लूची बोंब झाली, जो तो चाचणीला धावला. 1600 चाचण्या, 56 पॉझिटिव्ह: 3.5 टक्के. रेघ खाली आली, पण आरएसव्ही सापडलेले रुग्ण 40 टक्क्यांनी वाढले. म्हणून टक्क्यांच्या रेघेशेजारी चाचण्यांची संख्या पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. हे दोन्ही आकडे तितक्याच ठळकपणे समोर येत नाहीत, म्हणून तो एक गुण कापला.

दोन विषाणूंच्या टक्केवारीची तुलना तर मुळीच करू नये. आरएसव्हीची चाचणी आता कोविड आणि फ्लूबरोबर एकाच स्वॅबवर, साध्या तापाच्या मुलाचीही होते. मेटान्यूमोव्हायरस बहुधा महागड्या मोठ्या पॅनेलमध्येच (एकाच वेळी अनेक विषाणू तपासणारी चाचणी) सापडतो, आणि ते पॅनेल डॉक्टर सहसा दाखल झालेल्या रुग्णासाठी सांगतात. दोन्हीकडे 8 टक्के दिसले तरी छेदातली माणसं वेगळी. जानेवारी 2025 मध्ये आयसीएमआरने कर्नाटकात एचएमपीव्हीच्या, म्हणजे याच मेटान्यूमोव्हायरसच्या, दोन रुग्णांची माहिती दिली आणि आपल्याकडे 'नवा विषाणू' म्हणून गहजब झाला. एनआरईव्हीएसएसच्या आलेखात तो दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात, आरएसव्ही ओसरत आला की, हजेरी लावतो. शोधही 2001 चा, नेदरलँड्समधला.

ऱ्हायनो-एंटरोव्हायरसची आकडेवारी पाहताना जास्त सावध राहावं. बहुतेक पॅनेल या दोघांना वेगळं ओळखतच नाहीत. 2014 च्या ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटी आणि शिकागोच्या रुग्णालयांत मुलांना धाप लागू लागली. एंटरोव्हायरस डी68 हे निदान पॅनेलने नव्हे, तर पुढच्या टायपिंगने (विषाणूचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी) झालं. त्यात लहान मुलांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचा आरएनए बरं झाल्यावरही काही आठवडे सापडू शकतो. पॉझिटिव्ह आला म्हणजे आजचा ताप त्याचाच, असं नाही.

विभागवार आलेख कामाचे, पण विभाग, म्हणजे अनेक राज्यांचे क्रमांक दिलेले गट, मोठे आहेत. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दुसऱ्या विभागात, कॅलिफोर्निया नवव्यात. चौथ्या विभागात फ्लोरिडा बसतो, तिथे आरएसव्ही देशाच्या बऱ्याच आधी सुरू होतो. केंटकीतल्या पालकांनी ती रेघ आपली समजू नये. आणि हंगाम कॅलेंडर पाळतोच असंही नाही: 2021 मध्ये आरएसव्ही दक्षिणेकडच्या राज्यांत उन्हाळ्यातच पसरला आणि जूनमध्ये सीडीसीला डॉक्टरांना सूचना धाडावी लागली. एरवी बाळांना निर्सेव्हिमॅब (आरएसव्हीपासून संरक्षण देणारं इंजेक्शन) ऑक्टोबर ते मार्च देतात, पण असा अवेळी चढ आधी कळायला हाच आलेख उपयोगी.

फ्लू इथे शोधू नका, तो फ्लूव्ह्यूवर, सीडीसीच्याच फ्लूच्या पानावर, असतो. तिथे 2015-16 पासून रुग्णालयांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांचे आकडे वेगळे दाखवतात, आणि ते योग्यच. सरकारी प्रयोगशाळेत अनेकदा आधीच पॉझिटिव्ह ठरलेला नमुना उपप्रकार पाहायला येतो. तो छेदात मिसळला तर टक्केवारी उगीच फुगते. लाटेची वेळ रुग्णालयांच्या आकड्यांवरून पाहावी, फ्लूचा उपप्रकार एच1 की एच3 हे सरकारी आकड्यांवरून.

फाइल उतरवून स्वतः आलेख काढणाऱ्यांसाठी तीन खड्डे. शेवटचे एक-दोन आठवडे कच्चे असतात. उशिरा येणाऱ्या प्रयोगशाळांमुळे ते बदलतात, तेव्हा त्यांवर रेघ तुटक काढावी. तीन आठवड्यांची मध्य-सरासरी शेवटच्या आठवड्याला दोनच आकड्यांवर उभी असते, त्यामुळे तिथलं वळण खरं मानायचं नाही. फाइलमध्ये प्रकाशनाच्या तारखेचा स्तंभ असेल तर एकाच तारखेच्या ओळी ठेवाव्यात, नाहीतर तोच आठवडा अनेकदा मोजला जातो.

आठवड्याचा घोळ वेगळाच. सीडीसीचा आठवडा रविवार ते शनिवार, जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लूनेटचा (देशोदेशीच्या फ्लूची आकडेवारी) सोमवार ते रविवार. आठवड्याच्या क्रमांकावर दोन तक्ते जोडले तर 53 आठवड्यांच्या वर्षात सगळं एक घर सरकतं. आठवड्याच्या शेवटच्या तारखेवरच, शनिवार-रविवारचा एक दिवसाचा फरक धरून, जोडावं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला एनआरईव्हीएसएसचा थेट उपयोग नाही. त्याने फ्लूनेटच उघडावं. भारताचं राष्ट्रीय इन्फ्लुएंझा केंद्र पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) आहे आणि देशाचे आकडे फ्लूनेटवर दिसतात. फ्लूच्या बी-यामागाटा या वंशाचा स्तंभ रिकामा दिसला तर फाइल बिघडली असं समजू नये, मार्च 2020 नंतर त्या वंशाचा खात्रीशीर नमुना जगात कुठेच सापडलेला नाही. फक्त भारत ही तिथे एकच ओळ आहे. श्रीनगरचा फ्लू हिवाळ्यात चढतो, आपल्याकडचा पावसाळ्यात, आणि त्या एका रेघेत दोन्ही शिखरं एकत्र दिसतात.