विंडोजवर कोडमधून फॉन्ट: तात्पुरता की कायमचा?

तुमच्या प्रोग्रामला स्वतःच्या खिडकीत एखादा खास फॉन्ट दाखवायचा असेल, तर तो इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडूच नका. 'ॲडफॉन्टरिसोर्सईएक्स' हे फंक्शन 'एफआर_प्रायव्हेट' फ्लॅग लावून बोलवा. फॉन्ट फक्त त्याच प्रोसेसला दिसतो, प्रोग्राम बंद झाला की आपोआप निघून जातो आणि ॲडमिनची परवानगीही लागत नाही. अडचण एकच: हे जीडीआयपुरतं (विंडोजची खिडकीत अक्षरं-चित्रं काढायची जुनी यंत्रणा) आहे. डायरेक्टराइटला (मजकूर दाखवायची नवी यंत्रणा) तो फॉन्ट दिसत नाही, तिथे स्वतःचं फॉन्ट कलेक्शन बांधावं लागतं.

वर्ड किंवा इतर प्रोग्राममध्येही तो फॉन्ट हवा असेल, तर मात्र कायमचा मार्ग. इथे लोक फाइल 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये कॉपी करतात आणि काम झालं असं समजतात. एक्सप्लोररमध्ये हाताने टाकली तर चालतं, कारण बाकीचं तो उरकतो. कोडमधून ते सगळं आपल्यालाच करावं लागतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) 'फॉन्ट्स' कीखाली फॉन्टचं नाव आणि फाइलचं नाव नोंदवा, 'ॲडफॉन्टरिसोर्स' बोलवा (नोंद नसेल तर रीस्टार्टनंतर फॉन्ट गायब!), मग 'डब्ल्यूएम_फॉन्टचेंज' हा फॉन्ट बदलल्याचा निरोप सगळ्या खिडक्यांना पाठवा. त्यासाठी 'सेंडमेसेजटाइमआउट' वापरा; साध्या 'सेंडमेसेज'ने एखादा हँग झालेला प्रोग्राम तुमचा इन्स्टॉलरही अडकवून ठेवतो.

ॲडमिन हक्क नसतील तर विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फक्त चालू युजरपुरता फॉन्ट बसवता येतो. फाइल युजरच्या लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये, नोंद 'एचकेसीयू'त, म्हणजे रजिस्ट्रीच्या चालू युजरच्या भागात. पण त्या नोंदीत फाइलचा पूर्ण पाथ द्या.