लिफ्ट किटचे पैसे घेतले आणि जुन्याच स्प्रिंगला रंग मारून दिला : पुण्यातला अनुभव

पिकअपची उंची थोडी वाढवायचा, म्हणजे लिफ्ट किट बसवायचा विचार चालू असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. लांब झालंय, पण पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न आहे म्हणून काही गाळत नाही.

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. रोज सिंहगड रोडवरून चाकणला कंपनीत जायला हीच आणि सुट्टीला वेल्ह्याकडे शेतावर जायलाही हीच. शेताकडचा शेवटचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी, पावसाळ्यात मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून पुढून 50 एमएम आणि मागून त्याच्या मापात, एवढंच पाहिजे होतं. घरचे सगळे ह्याच गाडीत बसतात, आईला धरून चढवावं लागतं, त्यामुळे चार इंचाची हौस कधीच नव्हती.

नगर रोडच्या बाजूला ऑफरोडचं काम करणारं एक दुकान आहे, नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. तिथल्या माणसाने कोटेशन दिलं एक लाख पस्तीस हजारांचं. त्यात पुढच्या दोन नवीन कॉइल स्प्रिंग, चारही शॉकप (शॉक ॲब्झॉर्बर), मागे पूर्ण नवीन कमान पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), ते ॲक्सलला आवळणारे नवीन यू-बोल्ट आणि रबरी बुश. "साहेब, ओरिजिनल ऑस्ट्रेलियन किट आहे, बिनधास्त राहा" म्हणाला आणि काउंटरवर कंपनीचा खोकासुद्धा ठेवलेला होता. ॲडव्हान्स जीपेवर घेतला, तो दुकानाच्या नाही तर कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर. बिल मागितलं तर म्हणे कच्चं बिल घ्या, जीएसटीचे पैसे वाचतील तुमचे. मग बरेच दिवस "माल बॉम्बेला पोर्टवर अडकलाय" हे ऐकवलं आणि शेवटी एकदाचा फोन आला की सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा, आत इन्शुरन्सचा प्रॉब्लेम असतो म्हणून कस्टमरला थांबू देत नाही.

संध्याकाळी गाडी उंच झालेली होती. हाच ह्या फसवणुकीचा गाभा आहे बघा, नीट समजून घ्या. व्ही-क्रॉस काय, हायलक्स काय, ह्या गाड्यांना पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म असतात आणि कॉइल स्प्रिंगच्या आत शॉकप, मागे अखंड हाउसिंग (दोन्ही चाकं जोडणारा एकच ॲक्सल) आणि कमान पाटे. पुढच्या शॉकपच्या डोक्यावर इंचभर जाडीची ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे स्पेसर टाकला की आर्मच्या लिव्हरमुळे चाकाजवळ साधारण दुप्पट, म्हणजे दोन इंच उंची मिळते. मागे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी, दोन इंच लांब टाकली की गाडी इंचभर उचलते. म्हणजे स्प्रिंग, शॉकप, पाटे काहीही न बदलता काही हजारांत टेपवर बरोबर आकडा दाखवता येतो. आपण लाखभर रुपये मोजतो ते नवीन स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकप ह्यांचे, आणि हे लोक आपल्याला नुसती उंची विकतात.

मला पहिला संशय आला तो भोरवरून येताना, कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलाकडे जो उतार आहे तिथे. पुण्यातल्या माणसाला त्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको, मागून कंटेनर, पुढे कंटेनर. तिथे स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी डावी-उजवी पोहत होती, वळवल्यावर स्टिअरिंग आपोआप मागे यायचं ते येईना आणि ऐंशीच्या वर गेलं की सीटखालून एक बारीक थरथर. दुकानदाराला फोन केला तर म्हणे नवीन स्प्रिंग आहे, सेट व्हायला वेळ लागतो.

आमच्या नेहमीच्या अलाइनमेंटवाल्या काकांनी गाडी मशीनवर घेतली आणि पाच मिनिटांत सांगितलं, "कॅस्टर येतच नाहीये, सगळं ॲडजस्टमेंट संपलं. आणि हे नवीन स्प्रिंग म्हणताय तुम्ही? जरा खाली या." कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा चाकाचा पुढे-मागे कल.

खाली वाकून बघितलं. स्प्रिंग काळी कुळकुळीत होती, पण तोच काळा रंग बाजूच्या रबरावर आणि ब्रेकच्या पाइपवरही उडालेला होता. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने आतल्या बाजूने थोडं खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली आमच्या शेताची लाल माती, वाळून घट्ट बसलेली. माती धुवायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते हो. वर शॉकपच्या डोक्यावर स्पेसर. शॉकप कंपनीतून आलेलेच, फक्त त्यावर स्टिकर चिकटवलेला. मागे पाटे तेवढेच, मधल्या बोल्टचा गंज तसाच, यू-बोल्ट जुनेच परत आवळलेले आणि शॅकल मात्र लांब. ती थरथर त्यामुळेच, लांब शॅकलने हाउसिंग फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा अँगल बिघडतो.

पुढच्या डाव्या चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटून रिमच्या आतून ग्रीस उडालं होतं. डोक्यावर स्पेसर असला की चाक लोंबकळताना कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या खाली जातं, त्यामुळे शाफ्ट आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) दोन्ही जास्त वाकतात, आणि खड्ड्यात चाक पूर्ण वर दबलं की शॉकपच आधी तळाला ठोकतो. रोजच्या गाडीत हे चालवून घेण्यासारखं अजिबात नाही.

दुकानात गेलो तर आधी "नवीन लॉटमध्ये असंच येतं", मग "तुम्ही ऑफरोडला नेली असणार", मग मालक गावाला गेलेत. माझे जुने पार्ट परत द्या म्हटलं तर ते स्क्रॅपमध्ये गेले म्हणे. जे काढलेच नाहीत ते स्क्रॅपमध्ये कसे गेले, ह्यावर तो पोरगा नुसता मोबाइलमध्ये बघत राहिला. आता व्हॉट्सॲपवर ब्लॉक आहे.

काम द्यायच्या आधी फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही माप घ्या आणि फोटो काढा, जमिनीपासून मोजाल तर टायर आणि हवेमुळे आकडा फिरतो. पण मापावर समाधान मानू नका. जुन्या स्प्रिंगवर, पाट्यांवर कुठेतरी लपलेल्या जागी पेंटची खूण करून ठेवा. खोका तुमच्यासमोर फोडायला लावा, स्प्रिंगवरचा पार्ट नंबर बिलावर चढवून घ्या, आणि बिल पक्कंच, जीएसटी नंबरसहित. जुने पार्ट डिकीत टाकून घरी आणा, भंगारात घालायचे तर तुम्ही घाला. यू-बोल्ट नवीनच पाहिजेत आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत टॉर्कने आवळून घ्यायचे. लिफ्टनंतर अलाइनमेंटचा प्रिंट मागा, कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) प्रिंटवर हिरव्या हद्दीत नसेल तर बाकीचे पैसे देऊ नका. आणि मागचे पाटे निवडताना रोज मागे किती वजन असतं ते खरं सांगा, तीनशे किलो कायम वजनासाठीचा पाटा रिकाम्या गाडीला टाकला तर मागे बसणाऱ्याची कंबर जाते. असले प्रश्न जो दुकानदार स्वतःहून विचारत नाही त्याच्याकडे मी तरी परत गाडी लावणार नाही.

आणखी एक थाप म्हणजे "आरटीओचं काही टेन्शन नाही, सगळं लीगल". मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत. म्हणून आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा, इन्शुरन्सवाल्यांचं उत्तर लेखी घ्या, नाहीतर ॲक्सिडेंट झाल्यावर क्लेमला तेच कारण दाखवतील.

मी स्पेसर आणि शॅकल काढून गाडी पूर्ववत करून घेतली, बूट बदलला, पुढचे टायर बाहेरच्या कडेने खाल्लेत ते जातील तेवढे दिवस चालवतोय. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून दुकानाला विचारणा गेली पण त्यांचं उत्तर नाही, म्हणून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसलं तरी जीपेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, अलाइनमेंटचा प्रिंट आणि खरवडलेल्या स्प्रिंगचे फोटो जोडलेत. ह्याच पद्धतीने कुणाची गाडी झाली असेल तर स्पेसर काढण्याआधी जागेवरच फोटो काढून घ्या, ओडोमीटरच्या रीडिंगसकट.