कादंबरीआधी कथा: व्हिक्टोरियन साहित्याकडे जाणारा एक वाचनक्रम, सहा महिन्यांच्या वापरानंतर

व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी साहित्य. त्यातल्या चार्ल्स डिकन्सची जाडजूड कादंबरी उत्साहाने उघडून तिसऱ्या दिवशी मिटणाऱ्या वाचकांसाठी हा क्रम आहे: आधी चार कथा, मग एक लघुकादंबरी, मग कादंबरी. नव्या वाचकांच्या गटात तो सहा महिने वापरला. संक्षिप्त आवृत्त्या कटाक्षाने टाळल्या. संक्षेपात कथानक उरतं, पण वाक्य जातं, आणि सवय व्हायला हवी ती त्या लांब, अर्धविरामांनी जोडलेल्या वाक्याचीच. सगळा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, मोबाइलवरही नीट वाचता येतो.

सुरुवात कॉनन डॉयलच्या 'द रेड-हेडेड लीग' (1891) या शेरलॉक होम्सच्या कथेने. संवाद भरपूर, वाक्यं आटोपशीर. गहाणवटीचं दुकान असलेल्या विल्सनला रोज दहा ते दोन बसून ज्ञानकोश उतरवून काढायचे आठवड्याला 4 पौंड मिळतात. वाचक इथे अडत नाही, पण त्याला संशयही येत नाही, कारण 4 पौंड म्हणजे किती हेच ठाऊक नसतं. म्हणून हिशेब आधी सांगावा: 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला कारकून आठवडाभर राबून 15 शिलिंग कमावतो. विल्सनला नुसत्या नकलेचे 80 मिळतात. एवढं कळलं की त्या नोकरीतलं काळंबेरं वाचकाला स्वतःच जाणवू लागतं.

दुसरी डिकन्सची 'द सिग्नल-मॅन' (1866), आणि या क्रमातली सगळ्यात खात्रीची. साधारण पाच हजार शब्द, मोठ्याने वाचली तर पस्तीस-चाळीस मिनिटं. पहिलाच प्रसंग बघा. डोंगर कापून केलेल्या खोल कटिंगच्या काठावरून निवेदक खाली उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याला हाक मारतो. हाक वरून आली आहे हे उघड आहे, तरी तो माणूस वर बघत नाही. वळून रुळांच्या दिशेने बघतो. का, ते बरंच पुढे उलगडतं. इथे थांबून 'तो वर का बघत नाही?' एवढंच विचारावं आणि पुढे वाचायला लावावं. अडचण एका साध्या शब्दाची येते: 'बॉक्स'. हा माणूस 'बॉक्स'च्या दारात उभा असतो, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर खोका येतो. ती सिग्नलची केबिन आहे, आत शेगडी, तारायंत्र आणि घंटा आहे, हे आधीच सांगून टाकावं. मोबाइलमधला शब्दकोश इथे दगा देतो, कारण तो पहिला अर्थ दाखवून मोकळा होतो. जागेचं चित्र मात्र मराठी वाचकाला पटकन दिसतं. भोर घाटातली रेल्वे 1863 सालची, म्हणजे त्याच दशकातली, आणि ओले कातळ नि बोगद्याचं काळं तोंड तिथेही आहेच. कथेच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः वाचला होता, पण हे कथा संपल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर वाचक कथेत लेखकाचं चरित्र शोधत बसतो.

तिसरी एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' (1852). डिकन्सच्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात आलेली ही भुताची गोष्ट. नाताळ अंक म्हणजे आपल्याकडच्या दिवाळी अंकाचा भाऊबंदच, आणि या गोष्टी एकाने वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. इथेही तसंच करावं. सुरुवातीची नातीगोती डोक्यात राहत नाहीत. कागदावर वंशवृक्ष काढला की प्रश्न मिटतो. छोटी रोझामंड सांगते की दुसरी मुलगी हात धरून आपल्याला टेकडीवर घेऊन गेली. बर्फात पावलं मात्र एकाच मुलीची असतात. इथवर आलेला वाचक गोष्ट सोडत नाही.

चौथी थॉमस हार्डीची 'द थ्री स्ट्रेंजर्स' (1883), आणि ती अवघड आहे. सुरुवातीचं माळरानाचं वर्णन नव्या वाचकाला थकवतं. ते वगळून मेंढपाळाच्या घरातल्या बारशाच्या मेजवानीपासून सुरू करावं आणि शेवटी परत वाचावं. ते घर इतकं एकाकी असणं का गरजेचं होतं, ते तेव्हा कळतं.

जॉर्ज एलियटची 'द लिफ्टेड व्हेल' (1859) याच जागी ठेवून पाहिली, ती चुकली. निवेदक सतत स्वतःच्या मनात डोकावतो, घटना उशिरा घडतात, वाचक गळतात. कथा मोलाची आहे, पण ती कादंबरीनंतर.

लघुकादंबरी म्हणून 'अ ख्रिसमस कॅरल' (1843): पाच भाग, पाच बैठका. तिसऱ्या भागात गाडी अडते, कारण बाजारातली फळं, कांदे, किराणा यांची वर्णनं पानंच्या पानं चालतात. हा भाग डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचावा. यादीला लय आहे, ती कानालाच कळते.

त्यानंतर 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. ती 1860-61 मध्ये दर आठवड्याला हप्त्याहप्त्याने छापून आली, त्यामुळे आठवड्याला दोनच प्रकरणं वाचली तरी ती तुटक वाटत नाही. एकूण 59 प्रकरणं, म्हणजे सात महिने धरून चालावं.