आधी कॅटलॉग, मग जस्टवॉच: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. कुठला सिनेमा कुठल्या सेवेवर दिसतो ते सांगणारं जस्टवॉच चांगलंच आहे, पण सिनेमा जुना किंवा भारतीय असेल तर तिकडे सगळ्यात शेवटी जा. न्यू जर्सीत आठ-नऊ महिने मी जस्टवॉच, ग्रंथालयाच्या कार्डावर ऑनलाइन सिनेमे दाखवणाऱ्या कनॉपी आणि हूपला या सेवा आणि आमच्या भागातल्या ग्रंथालयांचा सामायिक कॅटलॉग असं सगळं एकत्र वापरतेय. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ला डीव्हीडी पाठवणं बंद केलं, तेव्हापासून याला काहीतरी पर्याय हवाच होता.

मांडणी साधी आहे. बघायच्या सिनेमांची यादी लेटरबॉक्स्ड या सिनेमांच्या याद्या ठेवायच्या साइटवर. कुठला सिनेमा कुठे दिसतो ही माहिती लेटरबॉक्स्ड जस्टवॉचकडूनच घेतं, त्यामुळे ती बाजू आयती मिळते. कॅटलॉगसाठी ब्राउझरमध्ये शॉर्टकट करून ठेवलाय. कॅटलॉगमध्ये एकदा काहीही शोधायचं, वर जो पत्ता येतो त्यातला शोधलेला शब्द काढून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी एस टाकायचा, आणि तो पत्ता ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एका अक्षराला जोडायचा. आता ॲड्रेस बारमध्ये ते अक्षर, स्पेस आणि सिनेमाचं नाव टाइप केलं की थेट ग्रंथालयाचा निकाल समोर. यासाठी कुठलंही एक्स्टेन्शन लागत नाही.

हे सगळं आपोआप व्हावं म्हणून नवऱ्याने लेटरबॉक्स्डची यादी सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, उतरवून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव आणि साल जुळलं की झालं, अशी त्याची कल्पना. तिथेच खरी गंमत कळली. जस्टवॉच सिनेमे मोजतं, ग्रंथालय डिस्क मोजतं. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५चा. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने अपू त्रयीचा (हा आणि त्यापुढचे दोन सिनेमे) संच काढला २०१५ साली, म्हणून कॅटलॉगमध्ये ठळक दिसतं ते २०१५. मूळ साल नोंदीच्या पोटात कुठेतरी. शिवाय संचाचं नाव एक आणि आत सिनेमे तीन. त्यामुळे 'अपूर संसार' शीर्षकात शोधला तर सापडेलच असं नाही. कीवर्डने शोधला तर नोंदीतल्या अनुक्रमातून वर येतो. प्रोग्रॅम गुंडाळून ठेवला. आता मी दिग्दर्शकाच्या नावाने शोधते, तेच सगळ्यात भरवशाचं.

मराठी सिनेमाचं दुखणं वेगळं, स्पेलिंगचं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीने नोंद केली असेल तर 'श्वास'मधल्या 'श्‌'साठी डोक्यावर चिन्ह असलेला एस येतो आणि 'व'साठी व्ही. आपण मात्र एस-एच-डब्ल्यू टाइप करून बसलेलो. यावर उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. ग्रंथालयाच्या नोंदीत भाषेचा तीन अक्षरी कोड असतो, मराठीचा एम-ए-आर. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये भाषा मराठी, प्रकार डीव्हीडी एवढंच निवडायचं आणि नावाची जागा कोरी ठेवायची. यादी छोटीच निघते, चहा पिता पिता वाचून होते. इथे काही नसेल तर वर्ल्डकॅट या अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित कॅटलॉगवर हीच चाळणी लावून आंतरग्रंथालय मागणी टाकता येते, मात्र दुसऱ्या राज्यातून डिस्क यायला वेळ लागतो आणि काही ग्रंथालयं डीव्हीडी बाहेर पाठवतच नाहीत.

कॅटलॉगची मला आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सबटायटलची नोंद. 'बंगालीत, इंग्रजी सबटायटलसह' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. लेक इथेच वाढलेली, तिला ती लागतातच. डिस्कचा रीजनही, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो क्रमांक, बहुधा दिलेला असतो. अमेरिकेचा १, भारताचा ५. भारतातल्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालतात, पण खात्री करूनच होल्ड टाका, म्हणजे डिस्क आपल्यासाठी राखून ठेवायला सांगा.

आता कनॉपी आणि हूपला. दोन्ही ग्रंथालयाच्या कार्डावर फुकट, जाहिराती नाहीत. कनॉपीत महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात आणि व्हिडिओनुसार कापली जातात. हूपलात सिनेमा ७२ तास राहतो, नंबर लावावा लागत नाही. पण जस्टवॉचवर कनॉपीचं चिन्ह दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते चिन्ह देशासाठी असतं, तुमच्या कार्डासाठी नाही. बघणाऱ्याला फुकट असलं तरी प्रत्येक वेळी पैसे ग्रंथालय मोजतं. याच खर्चापायी न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या ग्रंथालयांनी जुलै २०१९पासून कनॉपी बंद केलं होतं. तेव्हा आपल्या ग्रंथालयाच्या साइटवर आधी बघून घ्या, आणि जस्टवॉचमध्ये तेवढ्याच सेवा 'माझ्या' म्हणून निवडा. बाकीचा पसारा दिसेनासा होतो.

त्रासही आहेच. एका ग्रंथालयात कॅटलॉग 'उपलब्ध' म्हणत होता आणि शेल्फवर रिकामा डबा. दुसरीकडची डिस्क ऐन मध्यावर अडकली. म्हणून आता मी स्वतः शेल्फ धुंडाळत नाही, होल्डच टाकते. डिस्क हातात आल्याशिवाय तिकडचे कर्मचारी ती आपल्या नावावर ठेवत नाहीत. शनिवारी बघायचा असेल तर सोमवारीच टाकावा.

खर्चाचं म्हणाल तर एक सबस्क्रिप्शन बंद केलं, भाड्याने सिनेमे घेणं जवळपास थांबलं. नव्या हिंदी सिनेमांसाठी मात्र हा खटाटोप करू नका. त्यांना जस्टवॉच पुरतं.