चार तारा की पाच, ॲम्प की डीआय: शो करणाऱ्या बेसिस्टची खरेदी

मंडपातला ऑर्केस्ट्रा, लग्नाचं संगीत, नाट्यगृहातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आणि पबमधला बँड, चारही ठिकाणी बेस गिटार वाजवणारा माणूस एकच असतो, पण त्याला लागणारं सामान एक नसतं. यूट्यूबवरची बहुतेक परीक्षणं घरी बसून, थेट कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करून केलेली असतात. तिथे साउंडवाला नसतो, जनरेटर नसतो आणि ऐनवेळी "दादा, अर्धा सूर खाली घ्या ना" म्हणणारा गायकही नसतो. या आढाव्यात तिघंही हजर आहेत असं धरून चाललोय.

चार की पाच

दुकानात हा प्रश्न आवडीचा वाटतो. शो करायला लागलं की तो गायकाच्या पट्टीचा होतो.

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन. पाचवी तार बीची, म्हणजे पांढरी सात. या एका तारेमुळे खाली नेमके पाच सूर वाढतात: काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक आणि पांढरी सात. आता तुमच्या ऑर्केस्ट्रातले पुरुष गायक कुठल्या पट्टीत गातात ते आठवा. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, बहुतेक गाडी इथेच फिरते. म्हणजे चार तारांच्या बेसवर ज्या पट्ट्यांमध्ये तळातला सा मिळत नाही, नेमक्या त्याच.

समजा गाणं मूळ पांढरी तीनमध्ये आहे. मोकळी ई घुमतेय, सगळी ओळ तिच्यावर उभी आहे. गायकाचा घसा बसलाय, म्हणून काळी दोन ठरते. चार तारांवर तो सा आता ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या फ्रेट), म्हणजे एक सप्तक वर जातो आणि गाण्याचा तळच निघून जातो. पाच तारांवर तोच सा बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. मोकळी तार गेली तरी वजन राहतं, आणि मोकळ्या तारा टाळून वाजवायची सवय असेल तर बोटांचा आकार तोच ठेवून हात फक्त सरकवायचा.

स्त्री गायिका जास्त असतील तर गणित बदलतं. काळी चार, पांढरी सहा, काळी पाच या पट्ट्यांचा सा ई तारेच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या फ्रेटवर बसतो. चार तारा पुरतात. स्वतःची गाणी करणारा बँड असेल आणि पट्टी तुम्हीच ठरवत असाल तर पाचव्या तारेचं ओझं कशाला?

ओझं म्हणायचं कारण आहे. पाच तारांची मान रुंद असते, वजन थोडं वाढतं, आणि न वाजणारी बी तार सतत दाबून ठेवावी लागते. अंगठा तिच्यावर टेकवायची सवय लागेपर्यंत प्रत्येक गाण्यामागे एक बारीक घुंई चालू राहते. घरी ती कळत नाही, सबवूफर लावला की अख्ख्या हॉलला कळते. शिवाय खालच्या बीची कंपनसंख्या सुमारे ३१ हर्ट्झ. छोट्या शोला साउंडवाला सबवूफरशिवाय नुसते दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर लावतो, त्यातून ३१ हर्ट्झ नीट बाहेर पडतच नाही. तिथे ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे चढे सूर. मग छोट्या शोला पाचवी तार फुकट गेली का? नाही, कारण हात न पळवता पट्टी बदलण्याची सोय तरीही राहते. खोल आवाजापेक्षा मला तीच मोठी वाटते.

स्वस्त पाच तारांच्या बेसचं खरं दुखणं म्हणजे ढिली बी. दुकानात एवढं करून बघा: मोकळी ई वाजवा, मग बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच सूर वाजवा. दोन्ही एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटले तर बेस ठीक. दुसरा चिखलात पाय रुतल्यासारखा आला तर ठेवून द्या, कितीही देखणा असला तरी. आधी तारा किती जाड आहेत ते विचारा, कारण १२५ ऐवजी १३० ची (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) बी लावली तर कधी कधी तेवढ्यानेही काम होतं.

मधला मार्ग हवा असेल तर चार तारांवर ई उतरवून डी करणारी किल्ली मिळते. खटका दाबला की पांढरी दोन. काळी एक मात्र नाही मिळत, आणि घोळ नेमका काळी एकचाच असतो.

माझं मत: महिन्यातले निम्म्याहून जास्त शो दुसऱ्यांच्या पट्टीत वाजवायचे असतील तर पाच. यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ किंवा इबानेझचा एसआर ३०५ या वर्गातला कुठलाही, वरची बीची परीक्षा पास झालेला. बाकीच्यांनी चार घ्यावा आणि वाचलेले पैसे पुढे दिलेल्या गोष्टींत घालावेत.

पी की जे

फेंडरचा प्रिसिजन (पी) १९५१ चा, जॅझ (जे) १९६० चा. आजही बाजारातले बहुतेक बेस या दोघांचीच मुलं-नातवंडं. पीला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) आहे आणि तो हम, म्हणजे विजेची गुणगुण, स्वतःच मारतो. जेला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीचे पिकअप. दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की हम जातो, एक कमी केला की परत येतो.

घरी हा फरक किरकोळ. स्टेजवर मागे एलईडीची भिंत, बाजूला लाइटवाल्याचे डिमर, आणि तुम्हाला स्लॅपसाठी (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्यासाठी) किंवा नुसता पुलाकडचा (ब्रिजकडचा) आवाज हवा म्हणून एक पिकअप बंद केलेला. गाण्यांच्या मधे निवेदक बोलत असताना जी गुणगुण ऐकू येते ती तुमचीच असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम अगदी तुमच्याच घरात राहायला येतो, तो इक्वलायझरने कापायला गेलात तर सूरही कापला जातो.

ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि ब्रास असलेल्या गर्दीत पीचा आवाज हरवत नाही. जेचा आवाज बारीक, बोलका. तीन-चार जणांच्या बँडमध्ये, फ्यूजनमध्ये तो खुलतो. जेची मान नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, सुमारे ३८ मिलिमीटर, पीची त्याहून रुंद, त्यामुळे लहान हातांना जे सोपा जातो. एकच बेस घेऊन सगळीकडे जायचं असेल तर पीजे, म्हणजे पुढे पीचा आणि मागे जेचा पिकअप, हा तोडगा मला बरा वाटतो. जास्त वेळ पुढचाच वापरा.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह याबद्दल थोडक्यात. ॲक्टिव्हमध्ये आतल्या प्रीॲम्पसाठी (सिग्नल वाढवणारा भाग) ९ व्होल्टची बॅटरी असते, पॅसिव्हमध्ये नसते, आणि जॅक खोचला की ती चालू होते. जॅक तसाच राहिला तर बॅटरी उगाच उतरत राहते आणि ती संपत आली की आवाज फाटायला लागतो. बॅटरी संपली की पॅसिव्हवर टाकायचा स्विच आहे का, हे घेतानाच बघा. नसेल तर बॅगेत जास्तीची बॅटरी ठेवा, विषय संपला.

ॲम्प की डीआय

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. पैसे मोजके असतील तर ॲम्प आधी घेऊ नका.

ॲम्पेगचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला, ३०० वॅटचा व्हॉल्व्हवाला, खाली आठ स्पीकरचं कपाट. तेव्हा पीएमधून (प्रेक्षकांकडे वळवलेल्या मोठ्या स्पीकरमधून) बेस फारसा जात नसे, प्रेक्षकांपर्यंत पोचायचं तर ॲम्पलाच ते काम करावं लागे. आता बालगंधर्व रंगमंदिर असो की चौकातला मंडप, बेस मिक्सरमधून जातो आणि लोक ऐकतात तो पीएचा आवाज. तुमच्यामागचा ॲम्प फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. त्यातून तो मोठा लावलात तर पहिल्या चार रांगांना दोन बेस ऐकू येतात, एक ॲम्पचा, एक पीएचा. साउंडवाला पीएमधला बेस कमी करतो आणि मागच्या रांगांना काहीच उरत नाही.

उलट बाजूला डीआय. बेस थेट मिक्सरला नीट जोडणारा, हातात मावणारा डबा. एका बाजूला गिटारचा जॅक, दुसऱ्या बाजूला एक्सएलआर, म्हणजे माईकसारखी तीन पिनांची जोडणी. साउंडवाल्याकडे तो असेलच असं धरू नका. मंडपात तर बहुतेक वेळा सरळ जॅकची वायर मिक्सरमध्ये खोचतात. पॅसिव्ह बेसचा सिग्नल अशा लाइन इनपुटमध्ये गेला की वरचा सगळा आवाज मरतो, उरतो नुसता ढब ढब. मग सगळे म्हणतात बेस खराब आहे.

साधा डीआय की प्रीॲम्प असलेला? पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह बेसला ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय, हा ढोबळ नियम. टेक ट्वेंटीवनचा सॅन्सॲम्प किंवा बेहरिंगरचा बीडीआय २१ यांसारख्या प्रीॲम्प डीआयमध्ये ॲम्पसारखा रंग आणि इक्वलायझर आधीच असतो. साउंड चेकला पाच मिनिटं मिळतात, दहाला माईक बंद करायचा असतो, आणि साउंडवाल्याचं लक्ष गायकांकडे. आवाज घरूनच तयार करून नेला असेल तर त्याने फक्त फेडर वर करायचा. माझ्या मते शो करणाऱ्याची पहिली खरेदी हीच.

घेताना दोन बटणं बघा. एक, आउटपुट कमी करणारं. मिक्सरच्या माईक इनपुटला जास्त ताकदीचा सिग्नल गेला की आवाज फाटतो आणि साउंडवाला बेसवर खापर फोडतो. दुसरं, ग्राउंड लिफ्ट. जनरेटरवर आणि लांबलचक एक्स्टेन्शनवर हम आला की ते दाबायचं, बहुतेक वेळा हम जातो. हम घालवायला ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आजही भेटतात. ओल्या मंडपात, हातात धातूच्या तारा आणि ओठांना माईक लागलेला असताना तो उद्योग जीवावर बेतू शकतो. कुणी सुचवलंच तर सरळ नाही म्हणा.

ॲम्प लागतोच अशा जागाही आहेत. तालमीची खोली, कॅफेतला छोटा शो, गोव्यातल्या शॅकमध्ये गिटार-बेस-काहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) असं त्रिकूट, लोणावळ्याच्या रिसॉर्टवर पीए फक्त गाण्यापुरता. तिथे कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, हवा. फेंडरच्या रंबल मालिकेत ४० वॅटला दहा इंची स्पीकर आणि १०० वॅटला बारा इंची. दोन्हींना मागे एक्सएलआर आउटपुट आहे आणि दोन्ही एका हाताने उचलता येतात. ड्रम सेटबरोबर वाजवायचं तर ४० धापा टाकतो, १०० जेमतेम पुरतो. पण फक्त स्वतःला ऐकू येण्यापुरता तो ठेवून बाकी काम पीएवर सोपवलं तर १०० भरपूर आहे. खुर्चीवर ठेवा, तिरका करून कानाकडे वळवा. जमिनीवर ठेवलेला ॲम्प तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो.

हेड (स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प) आणि वेगळं स्पीकरचं कपाट? आता क्लास डीचे, म्हणजे हलक्या सर्किटचे, हेड दोन-तीन किलोंत मिळतात, तेवढा भाग मोहक आहे. पण कपाट टेम्पोतच न्यावं लागतं. लोकलने किंवा रिक्षाने शोला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मोठ्या शोला आयोजकांकडून बॅकलाइन (स्टेजवरचे ॲम्प वगैरे) मागून घ्यावी, ती मिळते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवणार असाल तर एक इशारा: तिकडचा ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. मागे व्होल्टेज बदलायचा स्विच आहे की नाही, याचा फोटो आधी मागवा.

तारा आणि बाकी

तारा निकेलच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या), जाडी ४५ ते १०५, हे सगळीकडे चालतं. नुसते जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करत असाल तर फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) एकदा लावून बघा. बोटांची घासाघीस ऐकू येत नाही, आवाज गोल होतो आणि कोकणातल्या दमट हवेत त्या जास्त दिवस टिकतात. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत. पबमध्ये मात्र त्या झोपाळू वाटतात.

वायर स्वस्तातली घेऊ नका. चांगल्या सोल्डरची सहा मीटरची एक आणि तशीच दुसरी राखीव. एक्सएलआरची वायरही स्वतःची ठेवा, साउंडवाल्याच्या पेटीतली शेवटची वायर नेहमी बेसच्या वाट्याला येते.

जुना घेणार असाल

बजेट कमी असेल तर जुना चांगला बेस नव्या स्वस्त बेसपेक्षा केव्हाही सरस. मान आधी बघा. पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते डोळा लावून तपासा. साधं कार्ड जेमतेम सरकेल एवढी असेल तर छान. त्याहून बरीच जास्त असेल तर मालकाला ट्रस रॉडचा (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) नट पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. नट फिरत नसेल, किंवा फिरून काहीच फरक पडत नसेल, तर पावसाळ्यात मान आणखी वाकेल तेव्हा तुमच्या हातात काही उरणार नाही. अशा वेळी किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरती बटणं) फिरवताना खरखर येत असेल तर मात्र घाबरू नका, स्प्रे मारला की बहुतेक वेळा जाते, आणि भाव पाडायला ती उपयोगी पडते.