कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखाना: नाशिकमधला अनुभव आणि माझं मत

हॉटेलचा, मिक्सरचा, साडीच्या दुकानाचा रिव्ह्यू आपण सगळेच लिहितो. सरकारी दवाखान्याचा फारसा कुणी लिहीत नाही. मी सातपूरला राहते, घरून डबे करते. आमच्या मुलाला कुत्रा चावला त्यानंतरचं सगळं सरकारी सेवेत झालं, त्याबद्दल हे लिहितेय. आधीच सांगते, पाचपैकी चार गुण. एक का कापला तेही सांगते.

मुलगा चौथीत आहे. क्लासहून येताना गल्लीतल्या कुत्र्याने पोटरी धरली, रक्त आलं. सासूबाई तिखट भरायला निघाल्या, शेजारच्या वहिनी चुना आणायला. दोघींना थांबवलं आणि पाय नळाखाली धरला. वाहत्या पाण्यात, साबणाने, पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. पोरगं ओरडत होतं, पण घरी करायचं ते एवढंच असतं. बाकी जे काही जखमेत भरतात त्याने नुकसानच होतं.

घराजवळच्या दवाखान्यात रेबीजची लस होती, सीरम नव्हतं. रक्त आलेल्या जखमेला नुसती लस पुरत नाही. लसीने शरीरात ताकद यायला काही दिवस जातात, तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम सीरम करतं. त्यांनी चिठ्ठी दिली आणि मोठ्या रुग्णालयात जा म्हणाले. गाडीची सोय नाही, तिकडे सीरम आहे का हे विचारायला एक फोनही नाही. कापलेला एक गुण इथला. रिक्षाला पैसे नसलेली बाई त्या चिठ्ठीसकट घरीच परत जाईल आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयात मात्र काम चोख झालं. केस पेपर निघाला, पैसे कुणी मागितले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशांची वेगळी रांगच उरलेली नाही. पोराचं वजन केलं, कारण सीरमचा डोस वजनावर ठरतो. डॉक्टरांनी ते जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचलं. बघवत नाही, पण तसंच द्यावं लागतं. वर पट्टी बांधा म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, चावलेली जखम उघडीच ठेवायची, टाकेही शक्यतो घालायचे नाहीत. मागे रांग दारापर्यंत गेली होती, तरी थांबून समजावून सांगितलं.

मग लस. सिस्टर म्हणाल्या, "ताई, पोराचे दोन्ही दंड मोकळे करा." सुई आत खोल गेलीच नाही, कातडीतच दोन्हीकडे थोडं थोडं औषध सोडलं. मसुराएवढा फुगा आला. मला वाटलं, फुकट आहे म्हणून कमी दिलं की काय. तसं विचारल्यावर सिस्टरनी कुपी दाखवली आणि हिशेब सांगितला. कातडीत दिली तर एका वेळी दोन्ही दंड मिळून ०.२ मिलिलिटर पुरते, एक मिलिलिटरच्या कुपीत पाच माणसं होतात. पहिला डोस त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी, असा कोर्स. एका माणसाला सगळी मिळून एक कुपीसुद्धा लागत नाही. खासगीत बहुतेक वेळा स्नायूत देतात, तिथे दर वेळी अख्खी कुपी आणि खेपा पाच. परिणाम दोन्हींचा सारखा. जागतिक आरोग्य संघटनेलाही ही पद्धत मान्य आहे.

यातली खुबी अशी की कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणजे पाच माणसं एकाच दिवशी आली तरच हे परवडतं. ज्या गर्दीला आपण नाकं मुरडतो, त्या गर्दीमुळेच इथली लस स्वस्त पडते. ऐपत असलेले सगळे बाहेर गेले तर कुपी अर्धी वाया जाईल, आणि आज तक्रार करणारं जे तोंड आहे तेही जाईल. म्हणून माझं म्हणणं आहे की ज्यांना बाहेर परवडतं त्यांनीही इथे यावं.

माझ्याकडून डबा नेणारे एक साहेब आहेत. ही गोष्ट ऐकून म्हणाले, आमच्या टॅक्सवर फुकट वाटतात, ही सगळी रेवडी. २०२२ मध्ये पंतप्रधानांनी तो शब्द भाषणात वापरल्यापासून तो सगळ्यांच्या तोंडात बसलाय. त्यांना मी विचारलं, तेलाच्या पिशवीवर, साबणावर मी जीएसटी भरते तो कुणाचा टॅक्स? आमच्या घरात इन्कम टॅक्स कुणी भरत नाही, म्हणजे कर भरत नाही असं नाही. आधीच भरलेल्या पैशातून लस मिळाली तर ते दान कसं?

ते म्हणाले, मग विमा काढावा. आमचे हे कंपनीत आहेत, त्यांना ईएसआय होता. पगार एकवीस हजारांच्या वर गेला आणि तो बंद झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आहे, पाच लाखांचं कवच आहे, मोठ्या ऑपरेशनला त्याचा फार आधार होतो हे मी मान्य करते. पण त्यासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागतं. कुत्रा चावलेल्या पोराला कुणी भरती करून घेत नाही, त्याला लगेच सुई लागते. कार्डाचा पैसा आजार मोठा झाल्यावर, तोही बऱ्याचदा खासगी रुग्णालयाच्या बिलात जातो. तो आजार मोठा होऊ नये म्हणून सिस्टर, फ्रीज आणि सीरम लागतं, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. तो झाला नाही.

शाळांचंही हेच चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या, पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, बरं झालं. पण जवळची सरकारी शाळा आधी चांगली करून मग हा नियम आणला असता तर माझी तक्रार नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शेतकऱ्याच्या पोरांना तेव्हा शाळा मिळू शकली, तर आज परवडत नाही हे मला कुणी सांगू नये.

आता जाणाऱ्यांसाठी. आधी जखम धुवा, मग निघा. निघण्यापूर्वी सीरम आहे का हे फोन करून विचारा, आणि चावा रक्ताचा असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात गेलेलं बरं. तिथे अपघात विभागात विचारा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पुढच्या प्रत्येक तारखेला ते लागतं. बसायला बाकं कमी आहेत, म्हाताऱ्या माणसाला नेत असाल तर सोबत दुसरं कुणीतरी घ्या. स्वच्छतागृह सुधारायला हवं. आणि तिसऱ्या दिवशी पोरगं ठणठणीत दिसलं तरी पुढचे डोस चुकवू नका.